बोंड न धरणारे फूल

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट मी भाचीकडे न्यू जर्सीला, एडिसनला होते. परत आल्यावर लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेले. आज सांगलीत पावसाची झड लागली आहे, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून म्हटले आज हे हातावेगळे करावे. विषय साधाच आहे, फुले गळून गेल्यावर झाडाला धरणाऱ्या बोंडांचा. पण लिहिता लिहिता तो कुठे कुठे जाणार आहे ते मला माहीत आहे, म्हणूनच बहुधा वर्षभर टाळत होते.

तिकडे गेले की आमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर काय करायचे हा मोठाच प्रश्न असतो. मुले शाळेत नाहीतर कुठल्याशा शिबिरात, भाची आणि जावई कामावर. भाचीने दुसऱ्याच दिवशी माझा अचूक अंदाज घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुला रिकामं बसवत नाही ना? मग अंगणातली वाळलेली फुलं खुडत जा." म्हणजे मला नोकरी लागली!

ती फुले म्हणजे डे-लिली. गाडी उभी करायच्या जागेच्या कडेने बुटक्या पिवळ्या फुलांची रांग होती आणि मागच्या कुंपणाशी उंच दांड्यांवरच्या तांबूस केशरी फुलांचे रान. नाव लिली असले तरी ही खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला खाली कांदा असतो, हिला जाडसर मुळ्या आणि जमिनीतून सरकत जाणारे खोड. आताच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला ज्या कुळात घातले आहे, त्याच कुळात आपली कोरफडही आहे. हे वाचून मला फार गंमत वाटली. कुंडीतल्या कोरफडीची ही एवढी नटवी बहीण!

एक फूल एकच दिवस टिकते. सकाळी उमलले की संध्याकाळी मिटले, दुसऱ्या दिवशी त्याचा ओला, चिकट बोळा झालेला. पण एका दांड्यावर पुष्कळ कळ्या असतात आणि त्या पाळीपाळीने उमलतात, म्हणून झाड तीन-चार आठवडे फुललेले दिसते. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेत हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलोस म्हणजे सौंदर्य. एका दिवसाचे सौंदर्य. हे नाव १७५३ साली लिनियसने आपल्या ग्रंथात कायम केले.

तर माझे काम सुरू झाले. पहिले चार दिवस मी फक्त वाळलेल्या पाकळ्या ओढून काढत होते. पाचव्या दिवशी पाहते तर काय, पिवळ्या झाडांवर जिथून मी पाकळ्या काढल्या होत्या तिथे हिरवे टपोरे काहीतरी फुगू लागले होते! इंग्रजीत त्याला 'सीड पॉड' म्हणतात, पण आपल्याकडे शेंग म्हटले की वाल-घेवडा डोळ्यांसमोर येतो. हे तसे नव्हे. हे बोंड. कापसाचे, खसखशीचे असते तसे. आडवे कापले तर आत तीन कप्पे, आणि कप्प्यांत दाटीने बसलेले दाणे.

पाकळ्या नुसत्या ओढल्या तर फुलाच्या बुडाशी असलेला बीजकोश दांड्यावर तसाच राहतो, आणि तेच पुढे बोंड होते. म्हणून फूल खुडायचे तर बुडापासून, देठाच्या सांध्यात चिमटून. बोंड धरले की झाड आपली ताकद बी पोसण्यात घालवते. त्या पिवळ्या जातीला पुन्हा पुन्हा बहर येतो, पण बोंडे ठेवली तर पुढचा बहर उणावतो. दांड्यावरच्या सगळ्या कळ्या संपल्या की अख्खा दांडाच खालून कापून टाकायचा. बी हवेच असेल तर बोंड सहा-आठ आठवडे झाडावरच ठेवायचे. ते तपकिरी होते, टोकाशी तडकते, आत मिऱ्याएवढ्या काळ्याभोर, चकचकीत बिया दिसतात. त्याच वेळी काढायच्या, नाहीतर सांडून जातात. मग काही आठवडे ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे त्यांना वाटते हिवाळा झाला, आणि नंतर पेरायच्या. रोपाला फूल यायला दोन-तीन वर्षे. आणि ते फूल आईसारखेच असेल याचा भरवसा नाही! मूळ झाडच हवे असेल तर त्याचा गड्डा फोडून लावायचा.

ही झाली बागकामाची शिकवणी. आता खरी गोष्ट.

जुलैच्या शेवटी एका रविवारी भाचीचा मुलगा माझ्या मदतीला आला. अकरा वर्षांचा आहे, प्रश्न फार विचारतो (माझ्या वर्गात असता तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवला असता). पिवळ्यांवरची बोंडे मोजून झाल्यावर तो मागच्या कुंपणाशी गेला आणि ओरडला, "मावशीआजी, इकडे एक पण नाही!"

खरेच नव्हते. त्या केशरी रानात शंभरेक दांडे असतील, पण बोंड म्हणून औषधालाही नाही. फुले आपली बुडासकट गळून गेलेली. इतके दिवस माझ्याही लक्षात आले नव्हते.

"का नाहीत?" त्याने विचारले.

जावई तिथेच गवत कापत होते. ते म्हणाले, "ती ऑरेंजवाली स्टराइल असते रे." मुलाने विचारले, "मराठीत काय म्हणायचं?" (त्या घरात रविवारी मराठीच बोलायचे असा नियम आहे, आणि तो मीच घालून दिलेला.) जावयांनी क्षणभर विचार केला आणि सहज म्हणाले, "वांझ."

भाचीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकले. ती काही बोलली नाही, पण तिने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते मी पाहिले. जावयांचा चेहरा पडला. बिचारे! त्यांच्या मनात काही नव्हते. मुलगा मात्र माझ्याकडे पाहून म्हणाला, "वांझ म्हणजे?"

मी म्हटले, "ज्याला बी धरत नाही असं झाड." आणि पुढचे फूल खुडायला वाकले.

नातेवाइकांना ठाऊकच आहे, ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना सांगते, आम्हाला मूल झाले नाही. आमचे हे जाऊनही आता नऊ वर्षे झाली. त्या शब्दाची मला सवय झाली आहे असे मी समजत होते. पण पंच्याहत्तरीला आलेल्या बाईला एका परक्या देशात, परक्या फुलावरून तो पुन्हा ऐकावा लागला आणि रात्री झोप लागेना. तेव्हा जी सवय मला आयुष्यभर उपयोगी पडली तीच कामी आली. म्हटले, प्रश्न विचारलाय ना पोराने? मग उत्तर शोधू. दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर गावातल्या वाचनालयात गेले. माझे इंग्रजी बेताचे, शिक्षण सगळे मराठी माध्यमातले. पण शब्दकोश घेऊन बसले आणि उरलेला महिना त्यातच गेला. जे हाती लागले ते सांगते.

हे फूल मूळचे पूर्व आशियातले, म्हणजे चीन, कोरिया, जपानकडचे. चीनमध्ये त्याला श्वान-त्साओ म्हणतात, आणि त्याची ख्याती म्हणजे ते दुःख विसरायला लावते. चिनी गीतांचा जो सर्वांत जुना संग्रह आहे, त्यातल्या एका गीतात नवरा लढाईवर गेलेली बाई असे विसरायला लावणारे झाड घरामागे लावायला मिळावे म्हणते. पुढच्या टीकाकारांनी ते झाड म्हणजे हेच मानले. ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची! पुढे ते आईचे फूल झाले. आईच्या दालनाला चिनी भाषेत 'श्वान-दालन' म्हणायची रीत पडली. मुलगा दूर निघाला की आईच्या दाराशी ही फुले, अशी कल्पना तिकडच्या कवितांत आणि चित्रांत येते. एका जातीच्या न उमललेल्या कळ्या वाळवून भाजीत, सूपात घालतात. त्यांना 'सोनेरी सुया' म्हणतात. भाचीने मला चिनी दुकानातून पुडा आणून दाखवला.

आणि आणखी एक जुने नाव आहे, त्याचा अर्थ 'मुलगा देणारे झाड'. गरोदर बाईने हे फूल अंगावर बाळगले तर मुलगा होतो असा समज होता. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ तशीच बसले. जगात कुठेही जा, बाईच्या कुशीची चौकशी चुकत नाही.

आता हे झाड युरोपात कसे गेले? सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या वनौषधींच्या ग्रंथांत ते दिसू लागते, पिवळे आणि तांबूस असे दोन प्रकारचे. तांबूस झाड तिकडे गेले ते बहुधा मुळ्यांच्या रूपाने. चिवट मुळ्या, लांबच्या प्रवासातही न मरणाऱ्या. युरोपातून वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेला गेले. बायकांनी सामानात गड्डे बांधून नेले, नव्या घराच्या दाराशी लावले, शेजारणीला एक तुकडा दिला, लेकीला सासरी जाताना एक दिला. घरे पडली, माणसे निघून गेली, पण फुले राहिली. आज तिथे रस्त्याकडेच्या चरांत, ओसाड शेतघरांच्या जोत्यांशी ती इतकी आहेत की लोक त्यांना 'चरातली लिली' म्हणतात. परसातल्या संडासाच्या आडोशालाही लावत म्हणून 'संडासलिली' असेही एक नाव आहे! काही राज्यांत तर ती आवरेनाशी झाल्याने आक्रमक वनस्पतींत गणली जाते. आणि हा एवढा पसारा एका बीविना झाला आहे. बहुतेक सगळी झाडे म्हणजे एकाच मूळ झाडाचे तुकडे आहेत. एडिसनच्या कुंपणाशी असलेले आणि दीड हजार किलोमीटरवरच्या एखाद्या शेताच्या बांधावरचे, ही दोन झाडे नव्हेतच, एकच झाड दोन ठिकाणी आहे.

नव्या जाती काढायला सुरुवात केली ती मात्र एका शाळामास्तराने, हे सांगताना मला अभिमान वाटतो. इंग्लंडात यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत जॉर्ज येल्ड नावाचे शिक्षक होते. त्यांना डोंगर चढायचा नाद, 'अल्पाइन जर्नल' या गिर्यारोहकांच्या नियतकालिकाचे त्यांनी कित्येक वर्षे संपादनही केले. शाळेतून उरलेल्या वेळात ते आयरिस आणि डे-लिलीचे संकर करत. त्यांनी दोन वेगळ्या पिवळ्या जातींचा संकर करून 'अ‍ॅप्रिकॉट' नावाची जात काढली. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. डे-लिलीची नोंदलेली पहिली संकरित जात ती हीच. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवून कुंचल्याने पराग लावणारे मास्तर माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

पण आमच्या पोराचा प्रश्न विचारला तो दुसऱ्याच एका पोराने. आर्लो बर्डेट स्टाउट त्याचे नाव. जन्म १८७६ चा, ओहायोतला, बालपण विस्कॉन्सिनमधल्या अल्बियन नावाच्या खेड्यात गेले. त्याच्या आईच्या अंगणात हीच तांबूस लिली होती. इतकी फुले येतात आणि बोंड एकही कसे धरत नाही, हे त्याला लहानपणीच खटकले होते असे सांगतात. पुढे तो वनस्पतिशास्त्रज्ञ झाला आणि १९११ साली न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात, ब्राँक्सला, कामाला लागला. तिथे त्याने तो बालपणीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला, आणि तीसहून अधिक वर्षे सोडला नाही.

उत्तर दुहेरी निघाले. पहिली गोष्ट अशी, की हे झाड स्वतःचा पराग स्वीकारत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य मानत, तसा याचा नियम, फक्त त्याहून कडक. आता सगळीकडची झाडे जर एकाच झाडाचे तुकडे असतील, तर मधमाशी या कुंपणावरून त्या कुंपणावर कितीही उडाली तरी पराग घरचाच! बी धरणार कुठून?

दुसरे कारण गुणसूत्रे मोजल्यावर कळले. साध्या डे-लिलीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, अकरा आणि अकरा मिळून बावीस. या तांबूस झाडात तीन संच, म्हणजे तेहेतीस. शाळेत लेझीमला मुले दोघादोघांच्या जोडीने उभी केली, तर मधून दोन तुकड्या करणे सोपे. प्रत्येक जोडीतला एक इकडे, एक तिकडे. पण तिघांचे गट असले तर? तिसरा कधी या तुकडीत पळतो, कधी त्या, आणि दोन्ही तुकड्या विस्कटतात. पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या अशाच तुकड्या पडाव्या लागतात. तिथे तेहेतिसांचा घोटाळा होतो. त्या झाडात काही कमी आहे असे नाही, उलट एक संच जास्तच आहे!

स्टाउटने या झाडाला 'युरोपा' नाव दिले, कारण युरोपात पोचले होते ते हेच एक. चीनमध्ये त्याचे बी धरणारे भाऊबंद असणार हे त्याला कळत होते. नानकिंगच्या विद्यापीठात आल्बर्ट स्टुअर्ड नावाचे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ शिकवत होते. १९२० नंतर त्यांनी चीनच्या डोंगरांतून रोपे आणि बिया न्यूयॉर्कला पाठवल्या. त्यांत एक गुलाबी झाक असलेली रानटी जात होती. तिच्यातून पुढे गुलाबी रंग डे-लिलीत आला. स्टाउटने हजारो रोपे वाढवली, बहुतेक फेकून दिली, आणि नाव देण्याजोगी शंभराच्या आसपासच ठेवली. गडद लाल रंगाची 'थेरॉन' ही जात १९३४ साली बाहेर आली. न्यूयॉर्कला आल्यापासून तेवीस वर्षांनी! त्याच वर्षी त्याचे 'डे-लिलीज' हे पुस्तकही निघाले.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. युरोपाला बोंड धरत नाही हे जवळजवळ खरे, पण तिचा पराग अगदीच निकामी नाही. चिकाटीने दुसऱ्या जातींवर लावत राहिले तर क्वचित एखाद्या बोंडात चार बिया मिळतात. स्टाउटने ते केले, आणि तिचा रंग पुढच्या जातींत उतरला. आईच्या अंगणातली ती बिनबोंडाची लिली, तिलाही अशी दूरदूरची नातवंडे आहेत.

आणि ज्या माणसाने 'बी का नाही' म्हणून आयुष्य घालवले, त्यानेच न्यूयॉर्क राज्याच्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्राबरोबर बिनबियांची द्राक्षे तयार करायचे काम केले! आमच्या तासगावच्या द्राक्षवाल्यांना ही गोष्ट सांगायला हवी.

१९५७ साली स्टाउट गेला. त्याआधी, १९४६ च्या जुलैमध्ये, आयोवातल्या शेनान्डोआ गावी या फुलाच्या वेड्यांनी एक संस्था काढली. तिची पाळेमुळे रेडिओत आहेत. हेलन फील्ड फिशर नावाच्या बाई तिथल्या रेडिओवर बागकामाचा कार्यक्रम करत. शेतांवर एकट्या पडलेल्या बायका तो ऐकत आणि मग एकमेकींना पत्रे लिहीत. पत्रांचा एकच गठ्ठा गावोगाव फिरे. तो आपल्याकडे आला की सगळ्यांची पत्रे वाचायची, आपले जुने पत्र काढून नवे घालायचे आणि पुढच्या बाईला पोस्टाने धाडायचे. मला तर हे वाचताना आपले ब्लॉगच आठवले. आपणही दुसरे काय करतो? संस्थेने १९५० पासून स्टाउटच्या नावाने पदक द्यायला सुरुवात केली. आज नोंदलेल्या जातींची संख्या नव्वद हजारांच्या वर आहे. भाचीच्या दारातली ती बुटकी पिवळी, 'स्टेला द ओरो', १९७५ ची. ती इंडियानातल्या वॉल्टर याब्लोन्स्की यांनी काढली आणि १९८५ साली तिला ते पदक मिळाले. या नव्वद हजारांतली जवळजवळ प्रत्येक जात कुणीतरी राखलेल्या बोंडातून आली आहे.

ऑगस्टच्या मध्यावर मी हे सगळे पोराला सांगितले. तेहेतीस आकडा ऐकून तो म्हणाला, "असं अजून कुठलं झाड आहे?" मग आम्ही दोघे मिळून शोधायला बसलो, आणि जे सापडले ते मला साठ वर्षे इतिहास-मराठी वाचूनही ठाऊक नव्हते.

आपली केळ! आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे तीनच संच असतात, अकराचे तीन, तेहेतीस. अगदी युरोपासारखे. म्हणून केळ्यात बी नाही, आणि म्हणून केळ मुनव्यांनी लावतात. आणि हळद! हळदीतही तीन संच धरतात, एकवीसचे तीन, त्रेसष्ट. सांगलीत जन्म गेला, हळदीच्या पेठेतून रोज शाळेत जात होते, पण हळदीचे बी पेरताना कुणाला पाहिले नाही आणि त्याचे कधी नवलही वाटले नाही. जेठे गड्डे लावतात, त्यालाच बेणे म्हणतात, झाले.

आता जी गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती ती लिहिते. १९७९ साल. माझ्या धाकट्या बहिणीचे डोहाळजेवण होते. हीच भाची पोटात होती. माझ्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. ओटी भरायला बायका उठल्या, मीही उठले. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड असे ताट माझ्या हातात होते. तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या हातातले ताट हळूच काढून घेतले आणि म्हणाल्या, "तू राहू दे गं. लेकुरवाळीला भरू दे." त्या आता नाहीत. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, त्या माझ्यावर मायाही करत. त्यांना वाटत होते त्या गर्भाचे भले करताहेत. मी बाजूला झाले, पंगतीत वाढायला घेतले, सगळ्यांशी हसून बोलले. बहिणीने मान वर केली नाही. आम्ही दोघी त्यावर कधीही बोललो नाही, आणि आता बोलायला तीही राहिली नाही.

पुढे ती भाची पाचवीपासून दहावीपर्यंत आमच्याकडेच होती, कारण तिच्या गावात चांगली शाळा नव्हती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला सनावळ्या मी पाठ करवल्या. हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही, त्याचा हिशेब इथे मांडत नाही.

पण गेल्या ऑगस्टमध्ये, एडिसनच्या त्या टेबलाशी बसून हळदीची गुणसूत्रे वाचताना, पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांपूर्वीचे ते ताट माझ्यासमोर आले. त्यात हळकुंड होते! माझ्या हातून काढून घेतलेल्या ताटात, ओटीत घालायला, बी न धरणारे झाडच होते. मांडवाच्या दाराला बांधतात ती केळ, नवरीला लावतात ती हळद, सत्यनारायणाच्या चौरंगाला चारी बाजूंनी उभे करतात ते खांब, सगळी बिनबियांची. त्यांना कुणी वांझ म्हटले नाही. त्यांच्यावाचून आपले एकही मंगलकार्य होत नाही.

मला हसू आले आणि मग जरा रडूही आले. भाची जवळ येऊन म्हणाली, "मावशी, त्या दिवशीचं लागलं ना तुला?" मी म्हटले, "लागलं होतं. आता नाही." मग तिला ते ताट पहिल्यांदा सांगितले. तिला माहीत नव्हते. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. तिचा फोन वाजला तरी उठली नाही.

संध्याकाळी जावई जवळ आले. "मावशी, त्या दिवशी मी..." एवढेच म्हणाले. मी म्हटले, "अहो, तुम्ही शब्दकोशातला शब्द सांगितलात. तुमच्या मुलाने प्रश्न विचारला नसता तर मला एवढं शिकायला मिळालं असतं का?" आणि खरेच आहे ते. पण त्या शब्दाबद्दल एक सांगते. झाडाबद्दल बोलताना मी आता 'बोंड न धरणारे' म्हणते. चार अक्षरे जास्त लागतात, लागू देत.

निघायच्या आदल्या आठवड्यात दोन कामे केली. पिवळ्या झाडांवरची बाकी सगळी बोंडे खुडली, पण तीन राखली. ती तडकल्यावर पोराने बिया वेचल्या, मोजल्या, पाकिटावर तारीख घातली आणि फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी ठेवल्या. अठ्ठावीस निघाल्या. या वर्षी त्यांतली एकोणीस उगवली आहेत असा त्याचा निरोप आहे. फूल यायला अजून दोन वर्षे. कोणत्या रंगाचे येईल हे कुणीच सांगू शकत नाही. पाहायला मिळाले तर पाहीन.

दुसरे काम कुंपणाशी. फावड्याने केशरी लिलीचा एक गड्डा फोडला (जावयांनी फोडला, मी सूचना दिल्या!), आणि तीन घरे पलीकडे नव्याने राहायला आलेल्या एका कोल्हापूरच्या मुलीला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. तिला सांगितले, "एका बाजूला लाव, पसरते फार. आणि हिची बोंडं काढत बसायला नको." ती म्हणाली, "बरं झालं मावशी, तेवढंच एक काम कमी!"

इथे सांगलीत ते फूल नाही. परवानगीवाचून झाडे-मुळ्या विमानातून आणता येत नाहीत, आणि आणूही नयेत. पण घरामागे दोन वाफे हळद आहे. मृगात गड्डे लावले, आता पाने कमरेइतकी झाली आहेत. शेजारची सून पहिलटकरीण आहे, पुढच्या महिन्यात तिचे डोहाळजेवण. तिची सासू परवा येऊन म्हणाली, "बाई, ओटीला पहिल्या तुम्ही या हं, आमच्याकडे शिकवलंय तुम्ही दोन पिढ्यांना." मी जाणार आहे. हळकुंड घरचेच नेईन, गेल्या वर्षीचे जपून ठेवलेले आहे.

असो. बरेच लांबले. तुमच्या ओळखीत अशी बी न धरणारी आणखी झाडे असतील तर जरूर कळवा, पोराची यादी चालू आहे. हळद आणि केळ लिहून झाली आहे, तिसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे.